परिणाम एक, शब्द दोन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेला महापूर आला, त्यानंतरची गोष्ट. पूरग्रस्त गावातील एक विद्यार्थिनी फी-सवलतीचा इंग्रजी अर्ज दाखवायला आली. त्यात वाक्य होते, ‘द फ्लड इफेक्टेड अवर हाउस.’ पुराचा घराला फटका बसला, असे तिला सांगायचे होते. कागदावर मात्र अर्थ उमटला होता, ‘पुराने आमचे घर घडवून आणले!’ मी पहिले अक्षर ‘ई’चे ‘ए’ केले. ती ओशाळून म्हणाली, “सर, घरी मराठी नि कन्नडच बोलतो ना, म्हणून चुकतं.”

अनेक पालकांनाही असेच वाटते. पण चूक नेमकी कुठे होते ते पाहू. मराठीत ‘परिणाम’, कन्नडमध्येही ‘परिणाम’. दोन्हीकडे हे नाम. क्रिया सांगायची तर आपण पुढे ‘करणे’ जोडतो, कन्नडमध्ये ‘बीरु’. इंग्रजीने मात्र या दोन कामांसाठी दोन शब्द ठेवले. ‘अफेक्ट’ हे बहुधा क्रियापद, ‘इफेक्ट’ हे बहुधा नाम. भरभर बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही.

मग मुलांना वाक्य आधी घरच्या भाषेत म्हणायला सांगा. ‘पावसाने पिकावर परिणाम केला’, म्हणजेच ‘मळे बेळेय मेले परिणाम बीरितु’. इथे क्रिया आहे, म्हणून ‘अफेक्ट’. ‘पावसाचा परिणाम दिसला’, म्हणजेच ‘मळेय परिणाम काणिसितु’. इथे नाम आहे, म्हणून ‘इफेक्ट’. आणखी एक खूण म्हणजे औषधाचा ‘साइड इफेक्ट’. तो सर्वांच्या तोंडी आहे आणि ते नामच आहे. शब्दाआधी ‘अॅन’ किंवा ‘द’ आला, तरी बहुतेक वेळा ‘इफेक्ट’च लिहावे.

अपवाद दोन. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून आला, की अर्थ होतो ‘घडवून आणणे’. बदल घडवून आणणे, तसे. अर्जातली गंमत झाली ती यामुळेच. आणि मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ हे नामही आहे. त्याचा अर्थ चेहऱ्यावर, वागण्यात दिसणारी भावावस्था.

त्या मुलीला मी हेच समजावले. नाम आणि क्रियापद यांतला फरक तिला दोन भाषांत आधीच येत होता. तिसरीत तो फक्त ओळखायचा होता. तेव्हा मूल इंग्रजीत अडखळले, तर घरची भाषा बंद करू नका. तिथूनच वाट दाखवा.