लाकडातलं लिग्निन : मोजायचं की ओळखायचं?

वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा का पडतो, असं मुलं हमखास विचारतात. उत्तर आहे लिग्निन. लाकडातले सेल्युलोजचे धागे घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ. लाकडाच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो.

तो मोजायचा कसा? स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ क्लासन यांच्या पद्धतीत लाकडाचा भुसा ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात ठेवतात, मग मिश्रण विरळ करून तापवतात. सेल्युलोजची साखर होऊन ती विरघळते. खाली गडद तपकिरी चोथा उरतो. त्याचं वजन करायचं. पण आम्लामुळे लिग्निनची मूळ रचनाच बदलते. म्हणजे प्रमाण कळलं, रचना नाही!

रचनेसाठी ब्योर्कमन यांनी १९५० च्या दशकात वेगळी पद्धत मांडली. भुसा गोळ्यांच्या चक्कीत अतिशय बारीक दळायचा आणि थोडं पाणी मिसळलेल्या डायॉक्सेनने लिग्निन बाहेर काढायचं. इथेही कसरत आहेच. कमी दळलं तर लिग्निन थोडंच निघतं, जास्त दळलं तर त्याचेच बंध तुटतात. म्हणून दळण्याचा वेळ बदलून नमुने तपासतात आणि मधला मार्ग शोधतात.

वर्गात एवढं जरूर सांगा : आधी काय शोधायचं ते ठरवा, मग पद्धत निवडा.