दोन वह्यांचा खेळ
(व्यावसायिक फुटबॉलमधील पगारमर्यादा आणि बाजूचे करार)

द्वितीय वर्ष, कला शाखा

आमच्या वसतिगृहात क्रिकेटच्या लिलावाची रात्र म्हणजे एक सणच असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलचा मोठा लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त १२० कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. एका खेळाडूची बोली २७ कोटींवर जाऊन थांबली आणि कोपऱ्यात बसलेला एक मित्र म्हणाला, "हे झालं दाखवायचं. आतून आणखी किती देत असतील कुणाला ठाऊक!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुरावा मात्र कुणाजवळच नव्हता.

नंतर मनात विचार आला, की 'आतून देणे' म्हणजे नेमके काय? ते देतात कसे, आणि दिले तर सापडते कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना असे आढळले, की क्रिकेटच्या लिलावाहून कितीतरी जुनी आणि चौकशीतून उजेडात आलेली उदाहरणे फुटबॉलच्या इतिहासात आहेत. त्यांची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम एक खुलासा. 'फुटबॉल' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. परंतु ऑस्ट्रेलियात रग्बी लीगलाही लोक फुटबॉलच म्हणतात, तिथल्या 'ऑस्ट्रेलियन रूल्स' या खेळालाही फुटबॉलच म्हणतात, आणि अमेरिकेचा फुटबॉल आणखी निराळा. प्रस्तुत लेखात हा शब्द अशा व्यापक अर्थाने घेतला आहे.

मर्यादा कशासाठी?

माणूस सामना पाहायला जातो तो निकाल आधी ठाऊक नसतो म्हणून. एकाच संघाचा मालक गडगंज असेल आणि त्याने सगळे नामांकित खेळाडू आपल्याच दावणीला बांधले, तर उरलेल्या संघांनी मैदानात उतरायचे कशाला? म्हणून अनेक लीगांनी असा नियम केला, की एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंना मिळून वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा अधिक पगार द्यायचा नाही. यालाच पगारमर्यादा म्हणतात. सिडनीच्या रग्बी लीग स्पर्धेत ती १९९० मध्ये आली. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने ती १९९४ मध्ये सुरू केली व पहिल्या वर्षीचा आकडा ३ कोटी ४६ लाख डॉलर होता. ईर्षेपोटी क्लब कर्जबाजारी होऊ नयेत, हाही या नियमाचा एक हेतू असतो.

अर्थात मर्यादा म्हटली की ती न्याय्यच असते असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये १९०१ पासून वेगळ्याच प्रकारची मर्यादा होती. ती संघावर नव्हती, एकेका खेळाडूवर होती. आरंभी आठवड्याला ४ पौंड, आणि १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेच्या लढ्यामुळे ती उठली तेव्हा २० पौंड! हजारो प्रेक्षक तिकीट काढून ज्याला पाहायला येत, त्यालाही याहून अधिक मिळत नसे. मर्यादा उठताच फुलहॅम क्लबने जॉनी हेन्स या खेळाडूला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. म्हणजे इतकी वर्षे त्याच्यासारख्यांच्या घामाची किंमत दुसऱ्याच्या खिशात जात होती. तेव्हा नियम मोडणारा प्रत्येक जण दुष्टच होता असे म्हणता येणार नाही. तथापि नियम मोडण्याच्या ज्या तऱ्हा तेव्हा निघाल्या, त्याच पुढे न्याय्य मर्यादा मोडायलाही वापरल्या गेल्या.

जुन्या वाटा

१९१९ सालची गोष्ट. इंग्लंडमधील लीड्स सिटी या क्लबवर असा आरोप आला, की पहिल्या महायुद्धाच्या काळात खेळाडूंना केवळ खर्चापुरते पैसे देण्याची परवानगी असताना क्लबने त्यांना नियमबाह्य रकमा दिल्या. चौकशी समितीने क्लबच्या हिशेबाच्या वह्या मागितल्या. क्लबने त्या दिल्या नाहीत. परिणामी ऐन हंगामात क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले आणि १७ ऑक्टोबर १९१९ रोजी लीड्समधील एका हॉटेलात त्याच्या खेळाडूंचा चक्क लिलाव झाला. मूळ आरोप खरा की खोटा हे त्या वह्यांनीच ठरले असते. वह्या न दाखवणे हीच गोष्ट शिक्षेला पुरेशी ठरली.

१९५७ मध्ये संडरलँड क्लबचे प्रकरण बाहेर आले. खेळाडूंना आठवड्याच्या मर्यादेवर पैसे द्यायचे, पण वहीत ते दाखवायचे कसे? मैदान झाकायला लागणाऱ्या पेंढ्यासारख्या मालाची बिले फुगवली गेली आणि वरचा पैसा खेळाडूंकडे वळवला गेला. क्लबला ५,००० पौंड दंड झाला व पदाधिकाऱ्यांवर बंदी आली.

आता याच्या जोडीला २०१६ सालचे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण ठेवा. पॅरामॅटा या रग्बी लीग क्लबमध्येही पुरवठादारांची फुगवलेली बिले आणि त्यातून खेळाडूंना पोहोचवलेला पैसा हाच प्रकार निघाला. १२ गुण कापले गेले, १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला आणि पाच पदाधिकाऱ्यांची नोंदणी रद्द झाली. मध्ये ५९ वर्षे गेली. युक्ती तीच राहिली.

मेलबर्नचे दोन कागद

या सर्वांत अधिक गाजलेले प्रकरण मेलबर्न स्टॉर्म या क्लबचे. मेलबर्न हे ऑस्ट्रेलियन रूल्सचे माहेरघर. तिथे रग्बी लीग रुजवण्यासाठी हा क्लब निघाला आणि १९९८ मध्ये प्रथम खेळला. २००६ पासून त्याने दबदबा बसवला. २००६, २००७ व २००८ या तिन्ही वर्षी साखळीत अव्वल, आणि २००७ व २००९ मध्ये अंतिम विजेतेपद.

इतके उत्तम खेळाडू या एका संघाला मर्यादेत परवडतात तरी कसे, अशी शंका कुणालाही यावी. शंकेने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण लीगकडे आलेले सर्व करार मर्यादेतच होते. २२ एप्रिल २०१० रोजी लीगने जाहीर केले, की क्लबमध्ये करारांची दुहेरी पद्धत होती. एक कागद लीगकडे पाठवायचा आणि वाढीव रकमेचे वचन देणारा दुसरा कागद क्लबच्याच कपाटात ठेवायचा. आरंभी पाच वर्षांत मिळून सुमारे १७ लाख डॉलरचा आकडा सांगितला गेला. त्याच वर्षी झालेल्या सविस्तर हिशेबतपासणीत तो ३० लाखांच्या वर गेला. त्या सुमारास एका संघाची वर्षाची मर्यादा ४१ लाख डॉलरच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते.

शिक्षा जबर झाली. दोन्ही विजेतेपदे व साखळीतील तिन्ही अव्वल स्थाने काढून घेण्यात आली. ५ लाख डॉलर दंड झाला. बक्षिसाचे ११ लाख डॉलर परत घेऊन इतर १५ क्लबांत वाटण्याचे ठरले. शिवाय त्या हंगामात एकही गुण न मिळता खेळायचे! संघाने १४ सामने जिंकले, तरी गुणतक्त्यात तो तळाशीच राहिला. पुढील वर्षी मर्यादेत बसण्यासाठी ग्रेग इंग्लिससारख्या मोठ्या खेळाडूला सोडावे लागले. विशेष म्हणजे या क्लबची मालकी असलेली कंपनी त्या लीगचीही अर्धी भागीदार होती.

अमेरिकेत निराळेच घडले. डेन्व्हर ब्राँकोज या संघाने १९९६ ते १९९८ या काळात दोन खेळाडूंचे काही पैसे पुढे देण्याच्या बोलीवर ठेवले व ते लीगच्या हिशेबात नीट दाखवले नाहीत. त्याच काळात हा संघ लागोपाठ दोनदा विजेता ठरला. शिक्षा झाली ती २००१ मध्ये ९ लाख ६८ हजार डॉलर व २००४ मध्ये ९ लाख ५० हजार डॉलर दंडाची, आणि प्रत्येक वेळी नवा खेळाडू निवडण्याची एकेक संधी गमावण्याची. विजेतेपदे मात्र कायम राहिली. यातली योग्य शिक्षा कोणती? माझ्या मते केवळ दंड घेणे म्हणजे चषकाची किंमत ठरवून तो विकण्यासारखे आहे. पण दुसरी बाजूही आहे. मेलबर्नच्या खेळाडूंनी मैदानात घाम गाळला होता तो खोटा नव्हता, आणि त्या संघावर जीव लावणाऱ्या प्रेक्षकांनी तर कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

संशय आणि पुरावा

चोरवाट ओळखणे अवघड का होते, हे समजण्यासाठी दोन उदाहरणे पाहू. २००७ च्या अखेरीस ख्रिस जड हा नावाजलेला खेळाडू ऑस्ट्रेलियन रूल्समधील कार्लटन क्लबकडे आला आणि त्याच वेळी व्हिझी या कंपनीचा प्रचारदूत झाला. त्या कंपनीचे मालक रिचर्ड प्रॅट हेच तेव्हा कार्लटनचे अध्यक्ष होते. कंपनीचा पैसा हा जाहिरातीचा मोबदला म्हणायचा, की क्लबचाच पगार दुसऱ्या खिशातून? लोकांनी भुवया उंचावल्या. परंतु हा करार लपवलेला नव्हता, लीगला तो ठाऊक होता व तिने तो मान्य केला होता. पुढे अशा करारांबाबतचे नियम कडक झाले. म्हणजे येथे संशयाला जागा होती, पण चोरी नव्हती.

याउलट इंग्लंडच्या सॅरसेन्स या रग्बी क्लबचे. क्लबचे अध्यक्ष खेळाडूंबरोबर भागीदारीत गुंतवणूक करीत होते. हा पगार नव्हेच, असे क्लबचे म्हणणे होते. पण ते व्यवहार नियमाप्रमाणे कळवलेले नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचे ३५ गुण कापले गेले आणि ५३ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. पुढे क्लबला खालच्या श्रेणीत जावे लागले.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. लीगला खेळाडूचा खिसा दिसत नाही, तिला फक्त वही दिसते. त्यामुळे पगारमर्यादेचा खरा आधार तो आकडा नसून सर्व व्यवहार कळवण्याचे बंधन हा आहे. खेळाडू, त्याचे नातेवाईक, क्लबचे हितचिंतक, जाहिरातदार या साऱ्यांचे करार समोर आले, तर त्यांतले पगाराचे कोणते आणि स्वतंत्र कोणते हे ठरवता येते. वहीच खोटी असेल तर कितीही कडक मर्यादा घाला, ती कागदावरच राहते.

एक आठवण

हे सारे वाचताना मला एक जुना प्रसंग आठवला. मी सातवीत असताना अण्णांचा डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर जात असे. अण्णा तिथे एका कंत्राटदाराकडे रखवालदार होते. एकदा पगाराच्या दिवशी गेलो. मुकादमाने रजिस्टर पुढे केले, अण्णांनी सही केली. अण्णांना सहीपुरतेच लिहिता येते. मला वाचण्याचा नवा उत्साह. सहीसमोरचा आकडा मी मोठ्याने वाचला. अण्णांच्या हातात पडलेल्या नोटा त्याहून बऱ्याच कमी होत्या. मुकादम हसला. परत येताना अण्णा म्हणाले, "गप बसायचं. सही करायची असती, वाचायची नसती."

मेलबर्नच्या वहीत दिल्यापेक्षा कमी लिहिलेले होते, अण्णांच्या रजिस्टरात दिल्यापेक्षा जास्त. तिथे नियम म्हणत होता, इतक्याहून अधिक देऊ नका, आणि इथे म्हणत होता, इतक्याहून कमी देऊ नका. तिथे खेळाडूचा फायदा झाला, इथे कामगाराचे नुकसान. पण दोन्हीकडे तपासणाऱ्याला दिसणारी वही अगदी नीटनेटकी होती. फरक एवढाच, की तिथे कपाटातला दुसरा कागद शोधणारे कुणीतरी होते. अण्णांच्या बाबतीत तर दुसरा कागदही नव्हता. एका मुलाने वाचलेला आकडा होता, आणि त्या मुलाला गप्प राहायला सांगितले होते.

स्टॉर्मने २०१२ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले. या वेळी ते कुणी काढून घेतले नाही. खरी वही ठेवूनही जिंकता येते, एवढे त्यावरून दिसते.

लिलावाची रात्र पुन्हा येईल. कुणीतरी पुन्हा म्हणेल, "आतून देतात." आता मी नुसती मान डोलावणार नाही. मी विचारीन, "वही कुणी पाहिली आहे का? आणि पाहिली असेल, तर ती कोणती?"