विस्तव, भाजावळ आणि वनाधिकाऱ्याची परवानगी

मालवणकडील एखाद्या शेतकऱ्यास 'तुम्ही आग लावलीत काय?' असे विचारले, तर तो नाही म्हणेल, आणि त्याचे ते म्हणणे खोटे नसेल. त्याने तरव्याची जागा भाजलेली असते. 'आग लावणे' या प्रयोगात दोषारोप आहे. भांडण पेटविण्याच्या लाक्षणिक अर्थानेही तो रूढ आहे. 'भाजणे' या क्रियापदाचे कर्म आग नसून जमीन आहे, आणि नांगरणी-पेरणीप्रमाणे ते शेतीचे एक काम होय. उघड्यावर विस्तव पेटविण्याविषयीचे नियम सिंधुदुर्गात पुष्कळदा चुकीचे समजले जातात, त्याचे एक कारण या भेदात आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भाजावळ म्हणजे काय हे प्रथम पाहू. पावसापूर्वीच्या महिन्यांत शेताच्या एका तुकड्यावर शेण, कवळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, पातेरा आणि गवत यांचे थर रचून त्यांवर बारीक माती पसरतात व मग तो ढीग पेटवितात. मातीमुळे ज्वाळा उसळत नाही. धग मंदपणे खाली उतरते, तणाचे बी मरते आणि राखेवर भाताचे रोप जोमाने येते. उत्तर कोकणात हेच 'राब' होय. मुंबई सरकारने १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमला, तेव्हा राबाच्या फांद्या हा वादाचा मोठा विषय होता. म्हणजे तंटा जुना आहे.

आज या बाबतीत मुख्य आधार १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचा. त्याच्या कलम २६ मध्ये, राखीव वनात विस्तव पेटविणे, ठेवणे आणि वाहून नेणे ही तिन्ही कृत्ये निषिद्ध आहेत. अपवाद फक्त वनाधिकारी अधिसूचित करील त्या हंगामाचा. हा अपवाद लक्षपूर्वक वाचावयास हवा. सामान्य समजूत अशी की उन्हाळ्यापुरती बंदी असते व एरवी मोकळीक. कायद्याची रचना नेमकी उलटी आहे: बंदी हा नियम, आणि मोकळिकीचा काळ जाहीर व्हावा लागतो. विडी पेटवून वनातून जाणारा वाटसरूही 'वाहून नेणे' या क्रियापदात सापडतो. त्याच कलमानुसार वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेले कृत्य अपराध ठरत नाही. परवानगी लेखी हवी. ओळखीच्या वनरक्षकाने मान हलविली, एवढ्याने भागत नाही.

दुसरा मुद्दा वाक्यरचनेचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा. 'राखीव वनात' हे स्थलवाचक पद कलमाच्या आरंभी नाही. ते मध्ये येते. त्याच्या आधीच्या खंडात, राखीव वनास धोका पोहोचेल अशा रीतीने, नियमांविरुद्ध विस्तव पेटविणे किंवा तो जळता सोडणे, हाही अपराध सांगितला आहे. तेथे स्थळाची मर्यादा नाही. म्हणून आंबोली किंवा तिलारीकडे वनाच्या कडेला ज्याची मालकीची जमीन आहे, त्यास 'विस्तव माझ्या शेतात होता' हे उत्तर पुरेसे होत नाही. शिवाय मुद्दाम अथवा घोर निष्काळजीपणाने राखीव वनात आग लागल्यास तेथील चराईचे व वनोपजाचे हक्क राज्यसरकार काही काळ स्थगित करू शकते. काडी एकाची आणि गुरे साऱ्या गावाची, असा हा प्रकार आहे. वनात असे हक्क उपभोगणाऱ्यांनी आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास झटणे हे कलम ७९ प्रमाणे कर्तव्यच ठरते.

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीत मात्र बहुतेक जमीन खासगी. तेथे या परवानगीचा प्रश्न क्वचित येतो. पण सड्यावरचे वाळलेले गवत आणि काजूच्या बागेतला पातेरा यांना सातबारा कळत नाही, आणि भाजावळीची ठिणगी शेजाऱ्याचे कलम घेऊन जाते. अशा निष्काळजीपणास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ लागू आहे. पूर्वी ते दंड संहितेचे २८५ वे होते. दोन्हींत जागा कोणाच्या मालकीची हे विचारलेले नाही.

आता सूचनाफलकांची भाषा पाहावी. त्यांवर बहुधा 'वणवा लावू नका' किंवा 'जंगलास आग लावू नका' असे असते. गोव्याच्या कोकणीतला 'उजो' असो की मराठीतला 'विस्तव', चुलीतल्या, हाताशी असलेल्या अग्नीसाठी हे शब्द आहेत. 'वणवा' हा हाताबाहेर गेलेला. वणवा लावण्याची इच्छा शेतकऱ्यास कधीच नसते, त्यामुळे फलक त्यास दुसऱ्या कोणासाठी लिहिलेला वाटतो. त्याचा प्रश्न साधा असतो: 'तरवो भाजूचो कधी?' वनाच्या कडेला कोणत्या महिन्यात भाजता येईल, भोवतीचा किती पट्टा साफ करावा आणि लेखी परवानगीचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावा, हे 'भाजावळ' हा शब्द वापरून सांगणारा फलक या लेखकाच्या पाहण्यात अजून आलेला नाही.