मोबाईलवरून जकात : वाटेत कुणाचा वाटा?

रमजान महिना जवळ आला की जकात, सदका आणि फितऱ्याची आवाहने आता मोबाईलवरही येऊ लागतात. बोट टेकवले की रक्कम गेली! परंतु ती कोणत्या वाटेने गेली आणि हकदाराच्या हाती किती पडली, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी दुकानाच्या रोजमेळाइतक्याच काटेकोरपणे पाहावयास हवे.

ॲपल आणि गूगल यांची ॲप-दुकाने म्हणजे एक बाजारपेठच होय. पेठेचा मालक गाळेधारकांना नियम घालतो आणि विक्रीत वाटाही घेतो. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर या दलालीचा मूळ दर ३० टक्के असून, लहान उत्पादकांसाठी ॲपलने २०२१ मध्ये तो १५ टक्के केला. समजा, एक लाखावरील अडीच हजारांची जकात या गल्ल्यातून गेली, तर साडेसातशे रुपये दलालीत जातील व हकदारासाठी १,७५० उरतील.

असे होऊ नये म्हणूनच दानासाठी वेगळे नियम आहेत. २०१० साली आयफोनच्या ॲपमध्ये देणगी घेण्यास मनाई होती आणि अमेरिकेतील सेवाभावी संस्थांनी त्याविरुद्ध आवाज उठविला होता. २०१६ च्या अखेरीस ॲपलने मान्यताप्राप्त संस्थांना वाट मोकळी केली. अशा संस्थेने ॲपल पेची सोय ठेवावी, पैशाचा विनियोग सांगावा व कराची पावती द्यावी, अशा अटी आहेत. अनेक संस्थांसाठी निधी गोळा करणाऱ्या ॲपमधील प्रत्येक संस्थेला ही मान्यता लागते. मान्यता नसलेल्यांनी ॲप मोफत ठेवावे आणि पैसे ॲपबाहेर, ब्राउझर किंवा एसएमएसद्वारे घ्यावेत.

गूगलच्या नियमानुसार करमुक्त देणग्या त्याच्या बिलिंगमधून घेता येत नाहीत. त्या बाहेरच घ्याव्या लागतात. मात्र ही सवलत सर्वांना नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वायरगार्ड हे मोफत ॲप केवळ देणगीच्या दुव्यावरून गूगल प्लेवरून काढले गेले. दुवा हटविल्यावरच ते परत आले.

या नियमांना सरसकट अन्याय म्हणता येणार नाही. यतीमांच्या नावाने खोटी आवाहने करणारे आपल्यातही आहेत आणि चौकशीमुळे त्यांना आळा बसतो. पण कागदपत्रे अपुरी असलेला प्रामाणिक मदरसाही त्याच चाळणीत अडकतो. म्हणून संस्थाचालकांनी धर्मादाय आयुक्तांकडे, किंवा वक्फ असल्यास वक्फ मंडळाकडे नोंदणी, संस्थेच्या नावाचे खाते आणि तपासलेले हिशेब तयार ठेवावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

देणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पावती कुणाची? ती ॲप-दुकानाकडून आली, तर रक्कम त्याच्या गल्ल्यातून गेली असे समजावे आणि दलाली कापली गेली का, हे संस्थेला विचारावे. दुसरी, यूपीआयने देताना पडद्यावर खातेदाराचे नाव संस्थेचेच दिसते का? एखाद्या व्यक्तीचे नाव दिसल्यास थांबावे. तिसरी, जकातीचा हिशेब इमारत निधीपासून वेगळा ठेवला जातो का?

हनफी फिक्हनुसार जकात हकदाराच्या मालकीत जावी लागते. त्यामुळे वाटेत कापलेली रक्कम जकातीत धरावी की नाही, हा प्रश्न आपल्या आलिमांना अवश्य विचारावा. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या मसलकाप्रमाणे खात्री करून घ्यावी. जकात ही गरिबाची अमानत आहे. ती पाठविल्याची नोंद वहीत होते. पोहोचल्याची नोंदही तिच्या शेजारीच असावी.