मोठे टायर, जुने गियर

टोयोटा लँड क्रूझरच्या ८० सिरीजने १९९० मध्ये बाजारात पाऊल ठेवलं. आज तिचे चाहते ऑस्ट्रेलियात आहेत, अमेरिकेत आहेत आणि आखातातही आहेत. दुबई-अबुधाबीच्या वाळूत ती चालवणारे मराठी लोकही त्यांत आले. पुढे-मागे अखंड ॲक्सल, साडेचार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन किंवा ४.२ लिटरचं डिझेल, आणि टायर २७५/७० आर १६. अशी गाडी हातात आली की पहिला बेत ठरतो मोठ्या टायरचा. ३१५/७५ आर १६ म्हणजे बोलीभाषेत ‘पस्तीस इंची’. टायर चढतात, गाडी दिसते झकास, आणि मग पिकअप कुठे गेला याची चौकशी सुरू होते. इथून पुढे ऐकायला मिळणारे बरेचसे सल्ले चुकीचे असतात.

सुरुवात उंचीपासून करू. मूळ टायरचा व्यास सुमारे ७९१ मिमी, नव्याचा ८७९. फरक ८८ मिमी. ‘गाडी साडेतीन इंच उचलली गेली,’ असं मालक अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात ॲक्सल वर जातो तो व्यासाच्या निम्म्या फरकाने, म्हणजे ४४ मिमी. अर्थात हे ४४ मिमी मोलाचे आहेत. सस्पेन्शनची लिफ्ट किट बॉडी वर नेते. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगडाला आधी टेकतो तो हाच गोळा, आणि त्याला वर उचलणारी गोष्ट फक्त टायर.

दुसरा समज असा की मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे गाडी जास्त पळणार. अंतर जास्त कापतं हे खरं. पण ते चाक फिरवायला जोरही जास्त लागतो. मूळ क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ४.११, म्हणजे पिनियनच्या ४.११ फेऱ्यांमागे चाकाची एक. व्यास ११ टक्क्यांनी वाढला की हेच गुणोत्तर जणू ३.७० होतं. आकडा जितका लहान, तितका चाकाला मिळणारा जोर कमी. ताशी १०० किमी वेगाला प्रोपेलर शाफ्ट मूळ टायरवर मिनिटाला सुमारे २,७५० फेरे घेत होता, तो आता २,४८० घेतो. इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्याखाली घुटमळतं. ऑटोमॅटिक गाडीत तर घाटात गिअरबॉक्स वरचा गियर धरू की सोडू या चक्रात अडकतो, टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, ऑइल तापतं. ‘थोडा पिकअप गेला, चालायचंच’ म्हणून हे सोडून देणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते, कारण या उष्णतेची किंमत शेवटी गिअरबॉक्स मोजतो.

यावरचा उपाय म्हणजे ॲक्सलमधले गियर बदलणं. त्यावर कुणी विचारतं, ‘लो रेंज आहे ना, मग ॲक्सल कशाला उघडायचा?’ लो रेंज दगडाधोंड्यांत कामाला येते. हायवेवर ती लावता येत नाही, आणि तक्रार तर हायवेची आणि घाटाची आहे.

गियर बदलायचे तर किती? गणित सरळ आहे: जुनं गुणोत्तर गुणिले टायरची वाढ. ४.११ ला १.११ ने गुणलं की ४.५६ येतं, आणि या आकड्याचा संच बाजारात मिळतो. तो बसवला की शाफ्टचे फेरे पुन्हा २,७५० वर येतात. तरी बरेच जण ४.८८ घेतात. पस्तीस इंची टायर नुसता मोठा नसतो, जडही असतो, आणि अशा गाडीवर विंच, लोखंडी बंपर, छतावरचं सामान असा बोजा आलेला असतो. त्या बोजासाठी थोडं पुढे जाणं मला पटतं. मात्र ५.२९ पर्यंत उडी मारणाऱ्याने पिनियन हातात घेऊन पाहावा. ४.११ च्या पिनियनला नऊ दात असतात, ४.८८ च्याला आठ, ५.२९ च्याला सातच. दात कमी म्हणजे पिनियन बारीक, आणि बारीक पिनियन धक्के कमी सोसतो.

ॲव्हरेजबद्दलचा गोंधळ तर सगळीकडे आहे. ‘टायर बदलले आणि ॲव्हरेज पार घसरलं’ म्हणणाऱ्याने आधी ओडोमीटर तपासावा. या गाडीत वेगाची नोंद ट्रान्सफर केसमधून होते. त्यामुळे मोठ्या टायरवर ओडोमीटर ४०० किमी दाखवतो तेव्हा गाडी ४४४ किमी गेलेली असते. ८० लिटर पेट्रोल लागलं असेल तर कागदावर पाचचं ॲव्हरेज येतं, खरं साडेपाच. वेगाचंही तसंच: काटा १०० वर, गाडी १११ वर. ४.५६ चे गियर बसवले की काटा आपोआप जवळजवळ बरोबर होतो. ४.८८ बसवले तर काटा १०० दाखवताना गाडी ९४ वर असते. ज्या गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून मोजला जातो, तिथे गियर बदलून काट्यात फरक पडत नाही; टायरचा आकार कॉम्प्युटरमध्येच दुरुस्त करावा लागतो.

खर्च वाचवण्यासाठी ‘सध्या फक्त मागचा ॲक्सल करू’ असा सल्ला कुणी दिला तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. मागे ४.८८ आणि पुढे ४.११ असेल, तर एकाच शाफ्ट-वेगाला मागची चाकं १०० मीटर जातात तेव्हा पुढची ११९ मीटर जायला बघतात. बऱ्याच ८० सिरीज कायम चारही चाकांवर चालतात, म्हणजे मधला डिफरन्शियल अखंड झिजत राहणार. तो लॉक केला की काहीतरी तुटणारच. शिवाय या गाडीचा पुढचा पिनियन उंचावर बसतो आणि त्याचे दात उलट्या कापाचे असतात. पुढचा आणि मागचा संच वेगवेगळा मागवावा लागतो.

‘दुपारी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली’ हे काम इथे होत नाही. क्राऊन व्हीलच्या दातांना पिवळा रंग लावतात, फडक्याने व्हीलवर दाब देत ते हाताने फिरवतात आणि उमटलेली छाप बघतात. छाप दाताच्या तळाशी गेली तर पिनियन फार आत आहे, टोकाशी आली तर फार बाहेर. मग बेअरिंग काढायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजलेली शिम बदलायची, पुन्हा रंग, पुन्हा छाप. दातांमधला प्ले साधारण ०.१५ ते ०.२० मिमी लागतो. पिनियन बेअरिंगवरचा ताण वेगळा मोजायचा. चांगला मिस्त्री यात पूर्ण दिवस घालवतो, आणि तो घालवू द्यावा. नंतर पंचवीस-तीस किलोमीटर हलक्या पायाने चालवून ॲक्सल गार होऊ द्यायचा, असं काही वेळा. ८०० किमीच्या आसपास ऑइल बदलायचं आणि तोवर मागे काही ओढायचं नाही. हे न पाळल्यामुळे तापलेले नवे दात नंतर आयुष्यभर घुरघुरतात.

सगळ्यांत धोक्याचा समज मात्र हा: गियर बसले म्हणजे गाडी पूर्ववत झाली. गियर फक्त इंजिन आणि चाक यांच्यातला हिशेब जुळवतात. जड टायर थांबवायला ब्रेकला लागणारा जास्तीचा जोर, स्टिअरिंगच्या सांध्यांवरचा ताण, चाकाच्या बेअरिंगचा भार, उंचावलेला गुरुत्वमध्य यातलं काहीच गियर कमी करत नाहीत. ब्रेकिंगचं अंतर वाढतं. टायर बदलल्यावर ते मोकळ्या रस्त्यावर स्वतः मोजून बघावं.

भारतात याला कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. फॉर्च्युनरवर २६५/६० आर १८ ऐवजी २८५/६० आर १८ घातले तर व्यास तीन टक्क्यांनी वाढतो. यांत्रिक दृष्टीने तिथे गियरला हात लावायची गरज नाही. कंपनीने मान्य केलेल्या आकाराबाहेर जाण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावं.

आणि जिथे हा बदल रीतसर करता येतो, तिथे गियर घेताना बेअरिंग आणि सील नवेच घ्यावेत. डिफरन्शियल लॉकर बसवायचा विचार असेल तर तोही याच वेळी. ॲक्सल तेवढाच उघडावा लागतो, आणि लॉकर नंतर घातला तर शिम आणि छापेचं सगळं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.