पहिली गिटार घेताना...

दिवाळीच्या सुट्टीत मी हिंगोलीला बहिणीकडे गेलो होतो. सातवीतला भाचा एरवी मला पाहताच गळ्यात पडतो. ह्या खेपेला मात्र स्वारी गप्प! कोपऱ्यात एक लालभडक, चकचकीत गिटार धूळ खात पडलेली. एका जत्रेतून अठराशे रुपयांना घेतलेली. त्यातले निम्मे पैसे त्याने वर्षभर खाऊचे साठवलेले.

"वाजवत नाहीस का रे?" मी विचारलं.

त्याने डाव्या हाताची बोटं पुढे केली. टोकांवर लाल वळ. "मामा, माझी बोटंच गिटारची नाहीत."

मी म्हटलं, "आण बरं तुझ्या कंपासपेटीतली पट्टी!"

आता तुम्ही विचाराल, गिटारीला पट्टी कशाला? सांगतो. गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीच्या भाषेत त्यांना पडदे म्हणू. दांडीच्या टोकाकडून बारावा पडदा मोजा. तिथे सर्वांत जाड तार आणि पडदा ह्यांच्यामध्ये दोन ते अडीच मिलिमीटर जागा असावी. भाच्याच्या गिटारीत ती चक्क पाच मिलिमीटर भरली! एवढी उंच तार दाबायची म्हणजे मोठ्या माणसाचीही बोटं दुखणार. शिवाय तार इतकी खाली दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे बोटंही दुखणार आणि वाजणारही बेसूर. दोष पोराचा नव्हता, गिटारीचा होता.

बाराव्या पडद्याची आणखी एक गंमत आहे. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तार अर्धी झाली की कंपनं दुप्पट होतात. मोकळी 'ए'ची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते, बाराव्या पडद्यावर दाबली की २२०. म्हणजे मोकळ्या तारेला 'सा' मानलं तर इथे वरचा 'सा' मिळतो. तो नीट जुळला नाही, तर ती गिटार घेऊ नका. घरात पेटी असेल तर तिच्यावर पडताळा, नाहीतर मोबाईलवरचा ट्यूनर आहेच.

दुकानात आणखी काय पाहाल?

दांडी डोळ्यासमोर धरून टोकाकडून नेम धरल्यासारखं बघा. वाकडी किंवा पिळलेली नको. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवा. कुठे झणझण आवाज आला, तर ती बाजूला ठेवा. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्याखाली कागदाचं टोक सरकवून पाहा. कागद आत गेला म्हणजे घोडी सुटायला लागली. सहा पोलादी तारांचा मिळून साठ-सत्तर किलोंचा ताण असतो. एक मोठा माणूस लटकावा तेवढा! म्हणूनच नायलॉनच्या तारांच्या गिटारीला पोलादी तारा कधीही लावू नका. नायलॉन बोटांना मऊ असतो, पण त्या गिटारीची दांडी रुंद असते. लहान हातांना पाऊणपट मापाची गिटार बरी पडते.

रंग आणि चकाकीवर मात्र भाळू नका. १८६२ साली स्पेनमधल्या अंतोनिओ दे तोरेस ह्या कारागिराने एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! वरची पाटी मात्र चांगल्या लाकडाची. आवाज मुख्यतः ह्या वरच्या पाटीतून येतो, हेच त्याला दाखवायचं होतं. आपल्या मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर हिलाच तबली म्हणतात. अखंड लाकडाच्या पाटीची गिटार महाग असते. पहिल्या गिटारीला प्लायची पाटी चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकतेही बरी. तरी पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत गिटार ठेवू नये, डिंक सुटतो.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. अगदी स्वस्तातली गिटार पुष्कळदा महागात पडते, कारण तिच्यापायी मूल वाजवणंच सोडून देतं. आणि आपण म्हणतो, "बघ, महिनाभराचाच नाद!" पण म्हणून वीस हजारांचीही गरज नाही. साधारण सहा ते नऊ हजारांत नवी, बरी गिटार मिळते. तेवढे नसतील तर जुनी बघा. मात्र वाजवणारं कुणीतरी सोबत न्या. घरपोच मागवायची असेल, तर परत घेतात का ते आधी विचारा.

भाच्याच्या गिटारीची दांडीच वाकलेली होती, त्यामुळे इलाज चालला नाही. मग आम्ही हिंगोली डेक्कन स्टेशनवरून गाडी धरली आणि नांदेड गाठलं. एका कॉलेजातल्या मुलाची जुनी गिटार साडेतीन हजारांना मिळाली. रंग उडालेला, कडेला एक पोचा. पण पट्टीने मोजलं तर अडीच मिलिमीटर! निम्मे पैसे ताईने दिले, निम्मे मी.

परवा फोन आला. "मामा, आजोबांच्या भजनात मी साथ केली. तीनच कॉर्ड येतात, पण चुकलो नाही!"

"आणि बोटं?"

"घट्टे पडलेत. आता दुखत नाहीत."

दोस्तांनो, नव्या गिटारीवरही पहिले काही आठवडे बोटं थोडी दुखतातच. रोज पंधरा मिनिटं वाजवा, ती तयार होतील. पण फारच दुखली, तर स्वतःला नावं ठेवण्याआधी पट्टी काढा आणि मोजा!