बिनतारी कळफलकाचा अबोला

सोलापुरांत चाटी गल्लींतल्या कापडाच्या दुकानांत काय किंवा घरच्या अभ्यासिकेंत काय, संगणकाचा बिनतारी कळफलक मुका झाला कीं तो मोडींत टाकण्याची घाई होते. दोष बहुधा अन्यत्र असतो. प्रथम सेल बदलावेत. कळफलक व यूएसबी रिसीव्हर यांची ओळख कारखान्यांतच एका अंकखुणेनें पटविलेली असते. म्हणून दुसऱ्या संचांतला रिसीव्हर, दिसावयास जुळा असला तरी, सहसा दाद देत नाहीं. शिवाय यूएसबी ३.० खांचेजवळचा विद्युत्-गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मिसळतो. तेव्हां रिसीव्हर दूरच्या खांचेंत किंवा हातभर जोडतारेवर लावावा. तरीहि अबोला सुटला नाहीं, तर कळफलकावर जोडणीची कळ असल्यास ती दाबून ओळख नव्यानें करून द्यावी. रिसीव्हर मात्र जपा. तो हरवला, तर धडधाकट कळफलकहि बहुधा निरुपयोगी ठरतो.